पावरी मोबाइलमध्ये का मावत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: मार्गशीर्षात कळवणकडे डोंगऱ्यादेवाच्या पूजेच्या वेळी पावरी, म्हणजे भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य, ऐकली, तासभर पाय हलेना. तेच मोबाइलवर टिपून नाशिकला घरी लावलं, तर काड्यापेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखं वाटलं. जेमतेम पाचेक सुरांच्या वाद्याची एवढी ओढ कशामुळे? रेकॉर्डिंगमध्ये नेमकं काय जातं? आणि असं एखादं वाद्य घरी आणायचं तर कोणतं?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर वाद्याच्या पोटात आहे, तेव्हा आधी ते उघडून पाहू.

पावरी आणि तारपा ही सख्खी भावंडं. सुरगाणा, कळवण, बागलाण आणि पलीकडे गुजरातेतल्या डांगात कोकणा आदिवासींची पावरी; हरसूलकडून जव्हार-मोखाड्याच्या बाजूला उतरलं की वारल्यांचा तारपा. वाळवलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि आवाज बाहेर फेकायला टोकाला कर्णा. पावरीला हा कर्णा बहुधा शिंगाचा असतो आणि वर मोरपिसं लावलेली असतात; तारप्याला ताडाच्या पानांचा. भोपळा शोभेला नाही, ती हवेची टाकी आहे. नळ्यांच्या वरच्या टोकाला बांबूच्याच सालीत कापलेली पातळ जीभ असते आणि ती भोपळ्याच्या आत दडलेली असते. वाजवणाऱ्याचे ओठ त्या जिभेपर्यंत पोचतच नाहीत.

या एका गोष्टीतून पुढचं सगळं निघतं. बासरीवाला ‘तु-तु’ करून सूर तोडू शकतो, सनईवाला पत्तीवर ओठ दाबून आवाज बारीक करू शकतो. पावरकराला दोन्ही जमत नाही. फुंक जोरात मारली तर आवाज वाढण्याऐवजी सूर चढतो, आणखी मारली तर जीभ नळीला चिकटून वाद्य मुकं होतं. फुंक कमी पडली की सूर लोळतो. म्हणजे हळू-मोठं नाही आणि मधे विश्रांतीही नाही. एकच सूर दोनदा वाजवायचा असेल तर मधे दुसऱ्या भोकावर बोटाचा निसटता फटका द्यावा लागतो. लक्ष देऊन ऐका, दर दोन सुरांच्या मधे तो ‘टिक’ ऐकू येतो. वाजवणाऱ्याची सगळी कारागिरी त्या टिकटिकीत असते. चालीत ती शोधणारा माणूस पाच मिनिटांत कंटाळतो.

दुसरी गोष्ट त्या दोन नळ्यांची. दोन्ही जवळजवळ एकाच सुरात असतात, पण अगदी एकात नसतात. एक सेकंदाला ३०० वेळा थरथरत असेल आणि दुसरी ३०३ वेळा, तर दोन्ही मिळून सेकंदाला तीन हेलकावे येतात. कानाला ती चूक वाटत नाही, आवाज जिवंत आहे असं वाटतं. तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवून जी झणझण काढतात तिला आपण मैफिलीत जवारी म्हणून दाद देतो, आणि पावरीतून तशीच खरखर आली की तिला ‘कच्चा आवाज’ म्हणतो. हिशोब मात्र एकच आहे: निखळ सूर कानाला लवकर शिळा होतो, खरखरीत सूर शिळा होत नाही. तारप्याच्या जिभेवर कणभर मेण चिकटवून किंवा तिच्याखाली केस सरकवून हा खरखरीतपणा मुद्दाम जुळवतात. मेणाने जीभ जड होऊन सूर उतरतो. केसाने ती थोडी उचललेली राहते, त्यामुळे फुंकेला लगेच बोलते.

तिसरी गोष्ट वाद्यात नाहीच, अंगणात आहे. तारपकरी मधे उभा असतो, नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती गुंडाळत जाते आणि कोणी त्याला पाठ दाखवत नाही. वारली चित्रांतला तो गोल फेरा हाच. तारपकरी चालता चालता वळतो, कर्णा खाली नेतो, वर उचलतो. आवाजातला तीक्ष्ण भाग कर्ण्याच्या रोखानेच जास्त जातो. त्यामुळे तोंड तुमच्याकडे झालं की आवाज धारदार होतो आणि वळलं की मऊ. जे हळू-मोठं फुंकेने करता येत नाही, ते तो पायांनी करतो. चाल बदलली की नाचाची पावलं बदलतात. या चालींना ‘चाळा’ म्हणतात. साखळीच्या टोकाच्या माणसाच्या हातात घुंगरांची काठी असते, ती जमिनीवर आपटून ठेका देते. सूर न तुटणारा, तर ठेका पावलांचा आणि काठीचा. यातला एक भाग काढला की दुसरा अर्धा राहतो. सभागृहातल्या मंचावर एकट्या तारपकऱ्याला खुर्चीवर बसवून माइकसमोर वाजवायला लावतात, तेव्हा हेच होतं, आणि मग लोक म्हणतात की फार एकसुरी आहे बुवा.

आता मोबाइल. फोनचा माइक बोलणं टिपायला बनवलेला असतो. पंख्याची, गाडीची अशी जी सलग, न बदलणारी घरघर येते, ती नको असलेला गोंगाट समजून फोन आपणहून कापतो. पावरीचा धरलेला सूर त्याच्या लेखी पंखाच आहे. शिवाय आवाज मोठा झाला की फोन पातळी खाली ओढतो आणि कमी झाला की वर चढवतो. म्हणजे वाजवणाऱ्याने वळून केलेलं ऊन-सावलीचं काम तो इमानेइतबारे पुसून टाकतो. वर ऐकायला फोनचाच बारका स्पीकर. ढोलाचा खालचा घुमारा, १०० हर्ट्झच्या आसपासचा आणि त्याखालचा, त्यातून जवळपास येतच नाही. कापलेला, सपाट केलेला आणि पाय काढून घेतलेला आवाज भुंग्यासारखाच लागणार.

पुढच्या वेळी टिपायचं असेल तर आधी विचारा. डोंगऱ्यादेव ही पूजा आहे, कार्यक्रम नव्हे. भगताला आणि पावरकराला विचारल्याशिवाय फोन काढू नये. परवानगी मिळाली तर ज्यात ‘ऑटो गेन’ आणि ‘नॉइज सप्रेशन’ बंद करता येतं असं रेकॉर्डिंगचं अ‍ॅप घ्या. फाइल वेव्ह प्रकारची, ४८ किलोहर्ट्झ, जमलं तर २४ बिट. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढीच पातळी ठेवा. संबळ किंवा ढोल सोबत असेल तर उणे १८ ला धरा, कारण काठीचा फटका अचानक उसळतो आणि एकदा फाटलेला आवाज शिवता येत नाही. फोन ‘विमान’ स्थितीत टाका. कर्ण्यासमोर फूटभरावर धरू नका. तीन-चार मीटरवर, छातीच्या उंचीला, वाऱ्याकडे पाठ करून धरा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणून चार मीटरवरून आठवर गेलात तर फरक लगेच कळतो. माइकवर केसाळ कापडाची टोपी हवीच, डोंगरावरचा वारा पातळ फोमला जुमानत नाही. जनरेटरपासून लांब राहा. आणि तुकडे टिपू नका. सलग १५ मिनिटं टिपा, कारण या संगीताला रंग चढायला वेळ लागतो. ३० सेकंदांच्या चित्रफितीत फक्त सुरुवातीची घरघर येते. घरी ऐकताना हेडफोन लावा. ‘आवाज स्वच्छ करा’ असं बटण दिसलं तर त्याला हात लावू नका.

घरी कोणतं वाद्य आणावं, यावर माझं मत ठाम आहे: पहिलं वाद्य पावरी किंवा तारपा नको. त्याला आधी दम लागतो, आणि दम म्हणजे फुप्फुसाची ताकद नव्हे. नाकाने श्वास घेत असतानाच गालातली हवा तोंडाने बाहेर सोडत राहायची, ही ती युक्ती. शिकायची असेल तर पेल्यात दोन-तृतीयांश पाणी आणि बारीक नळी घ्या. आधी पाण्याशिवायच: गाल फुगवा, घसा बंद ठेवा, नाकाने श्वास आत-बाहेर करा आणि गाल फुगलेलेच राहू द्या. हे जमलं की गाल दाबत हवा नळीतून पाण्यात सोडा आणि त्याच क्षणी नाकाने झटकन छोटा श्वास घ्या. बुडबुडे थांबले नाहीत म्हणजे जमलं. सुरुवातीला दर खेपेला नेमक्या त्या बदलाच्या क्षणी बुडबुडे तुटतात, कारण लोक पूर्ण छातीभर श्वास घ्यायला जातात. हुंगल्याएवढाच घ्यायचा. जाड नळी घेतली तर हवा भसकन जाते आणि गाल लगेच रिकामे होतात. रोज १० मिनिटं पुरे. चक्कर आल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबायचं. पाणी जमल्यावरच वाद्य हातात घ्यावं. उलट केलं तर भोपळ्यात नुसती थुंकी जाते, जीभ भिजून बंद पडते आणि दोष वाद्याला लागतो.

त्यापेक्षा घरी करून पाहण्यासारखं वाद्य म्हणजे थाळी. कोकणा लोकांत कथा सांगताना हिच्याच सुरावर रात्र काढतात. कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची कथा अशी सांगितली जाते. काशाची किंवा पितळेची थाळी घ्या, २५ ते ३० सेंटिमीटरची, काठ उभे असलेली. स्टीलची नको, तिचा आवाज चिरका येतो आणि लगेच मरतो. थाळीच्या मध्यावर लिंबाएवढा पोळ्याच्या मेणाचा गोळा दाबून बसवा. त्यात बोरूसारखी सरळ, गुळगुळीत, कोरडी काडी उभी रोवा, वीत-दीड वीत लांब. गाठ असलेली काडी नको, बोट तिथे अडखळतं. थाळी चुंबळीवर ठेवा म्हणजे काठ मोकळा राहील. आता बोटं पाण्यात ओली करून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत काडी धरा आणि वरून खाली हलकेच ओढा. हात खाली पोचायच्या आत दुसऱ्या हाताची चिमूट वर लागलेली असली पाहिजे, म्हणजे सूर तुटत नाही. पावरीत जे काम गाल करतात, ते इथे दोन हात करतात.

पहिल्यांदा आवाज येत नाही. तीन कारणं असतात. हाताला तेल किंवा साबण राहिला असेल तर बोट नुसतं घसरतं. राखेने हात चोळून धुवा. चिमूट घट्ट असेल तर काडी हलतच नाही. मेण मऊ असेल तर काडी आवाज खाली थाळीला देण्याऐवजी स्वतःच डुलत बसते. थाळी अर्धा तास गार जागी ठेवा. जमलं की सुरुवातीला एक बारीक ‘हूं’ येतो आणि मग थाळी भरत जाते. काडीची थरथर उभ्या दिशेची असते, थाळी तिला पसरवते. काडी बोटभर छाटली तर सूर चढतो, इतकं साधं आहे. या सुरात खटका नसतो, त्यामुळे माणसाचं बोलणं त्यावर तरंगत राहतं. कथेला ही साथ का निवडली असेल, हे पाच मिनिटं स्वतः वाजवत कोणाशी तरी बोलून पाहिलं की कळतं.

संबळाचं आकर्षण याच्या अगदी उलट बाजूचं. सप्तशृंगगडाच्या वाटेवर, चांदवडच्या रेणुकेपाशी गोंधळ्यांकडे ऐकला असेल. पेठ-सुरगाण्याच्या बोहाड्यात मुखवट्यांची सोंगं संबळ आणि सनईवरच नाचतात, आणि सोंग बदललं की वाजवणं बदलतं. दोन भांडी एकत्र बांधलेली, एक मोठं आणि एक लहान. एक काठी सरळ आणि दुसरी टोकाला वाकलेली. वाकडी काठी मोठ्या भांड्यावर पडते, तिचं टेकणं थोडं पसरट असल्याने आवाज घुमतो. सरळ काठी लहान भांड्यावर टोचल्यासारखी पडते आणि तडतड उठते. कातडं बकऱ्याचं. ते हवेतला ओलावा पितं, म्हणून पावसाळ्यात संबळ ‘बसतो’ आणि वाजवायच्या आधी शेकावा लागतो. जाळापासून दोन-तीन फूट लांब धरून फिरवत राहायचं, हाताला सोसेल एवढ्याच उबेत. घाई करून जाळावर धरला की कातडं आक्रसतं आणि कडेला, वादीच्या भोकापाशी चिरतं. नाशिकच्या थंडीत उलटं होतं: हवा कोरडी पडते, कातडं आपोआप ताणतं. म्हणून वाजवून झाल्यावर वाद्या थोड्या सैल करून ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या पानाला हे काही लागत नाही आणि मिरवणुकीतल्या ढोलाला ते लावतात त्यात नवल नाही; भर पावसात गणपती असतात. पण संबळाला प्लॅस्टिक लावलं की मोठ्या भांड्याचा घुमारा जाऊन बादली वाजते. ही काटकसर करू नये.

(नाशिक ढोलाबद्दल एवढंच: पथकात उभं राहून ऐकणार असाल तर कानात बोळे घाला. १०० डेसिबलला कानाची सुरक्षित वेळ साधारण १५ मिनिटं धरतात, आणि ढोल-ताशांच्या मधोमध आवाज त्याच्याही वर जातो.)

तरीही तारपाच घ्यायचा असेल, तर रंगवलेला, लाखेने चमकणारा, दुकानातल्या काचेआडचा घेऊ नका. त्यातले बरेच भिंतीसाठी बनवलेले असतात. आत जीभच नसते. बनवणाऱ्याकडून घ्या आणि पैसे देण्याआधी दोन मिनिटं सलग वाजवून दाखवायला सांगा. नंतर स्वतः तपासा. नळ्यांवरची सगळी भोकं आणि कर्ण्याकडचं तोंड बंद करून भोपळ्याच्या भोकातून हवा ओढा. ओढ धरून राहिली पाहिजे. सुळसुळली तर जोडाला फट आहे. भोपळ्यावर नखाने टिचकी मारा, खणखणीत आवाज हवा. बद्द आला तर आतला गर नीट काढलेला नाही आणि तो पुढे कुजणार. बांबूवर टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा लागलेला आहे, सोडून द्या. पावसाळ्यानंतर, थंडीच्या तोंडाला तोडलेल्या बांबूला तो कमी लागतो, कारण तेव्हा बांबूत साखर-पिष्ट कमी असतं. मेणाचा वास घ्या. पोळ्याच्या मेणाला मधाचा वास येतो आणि दाबलं की ते लवतं. मेणबत्तीचं मेण पांढरं, कोरडं, आणि नखाने खरवडलं की त्याचा चुरा पडतो. त्याने केलेला जोड पहिल्याच थंडीत तडकतो.

आणि एक, पेटीवर त्याचे सूर जुळवायला जाऊ नका. नळीवरची भोकं बोटांच्या मापाने पाडलेली असतात, म्हणून दोन तारपे एकमेकांशीही क्वचित जुळतात. कीबोर्डसोबत वाजवला की तारपा बेसूर वाटतो आणि चूक कीबोर्डची आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

सांभाळायचं म्हणजे मेण सांभाळायचं. पोळ्याचं मेण वितळायला ६२ ते ६४ अंश लागतात, पण ३५-४० अंशांतच ते मऊ पडायला लागतं. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तारपा राहिला तर नळ्या कलतात आणि जोड गळायला लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तेच मेण कडक होतं आणि धक्का लागला की बारीक तडा जातो. दुरुस्ती सोपी आहे: कोमट पाण्यात बोटं बुडवून तड्यावर मेण चोळत न्यायचं, वर नवीन मेणाची वळी लावायची. मेणबत्तीने शेकू नका, भोपळा करपतो. वाजवून झाल्यावर वाद्य तोंड खाली करून तासभर टांगा म्हणजे आत साठलेला ओलावा निथळतो. ओली जीभ नळीला चिकटून वाळली तर पुढच्या खेपेला बोलत नाही. तसं झालंच तर नळी काढून जिभेखाली एक लांब केस सरकवा, दोन-चार वेळा ओढा आणि तसाच आत राहू द्या. ब्लेडने खरवडायचा मोह आवरा. टोकाकडून खरवडलं तर सूर चढतो, बुडाशी खरवडलं तर उतरतो, आणि एकदा गेलेली साल परत येत नाही.

कुठे जावं, तर तारप्यासाठी भात निघाल्यापासून दिवाळीपर्यंत हरसूलच्या पुढे. पावरीसाठी मार्गशीर्षात कळवण, सुरगाणा, बागलाण. बोहाड्याच्या संबळासाठी होळीनंतर पेठ-सुरगाण्याच्या गावांत. होळीच्या सुमारास आहव्याला डांग दरबार भरतो, तिथे पावरी भरपूर, पण ध्वनिक्षेपकही तितकेच. कुठेही गेलात तरी कर्ण्यापाशी गर्दी करू नका. दहा-पंधरा पावलं मागे, नाचणाऱ्यांच्या फेऱ्याबाहेर उभं राहा आणि पहिली १० मिनिटं फोन खिशात ठेवा.